ढोलकी वर्गात आली, ढोलकीवाला दाराबाहेरच!

दरवर्षी ५ नोव्हेंबरला महाराष्ट्रात मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक संस्थानिकांच्या दरबारी सादर केले आणि तिथून मराठी रंगभूमी जन्माला आली, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातही पहिला धडा बहुधा इथूनच सुरू होतो.

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारू या. १८४३ च्या आधी या मातीत नाटक नव्हते का? पेशवाईपासून फडांवर तमाशा उभा होता. गण, गौळण, बतावणी, वग असा त्याचा बांधीव आराखडा होता. ढोलकीवाला होता, हलगीवाला होता, झील धरणारे सुरते होते, सोंगाड्या होता, नाचणारी स्त्री होती. प्रेक्षक होते, बिदागी होती, स्पर्धा होती. रंगभूमी म्हणायला अजून काय लागते? लागते ते एकच. करणाऱ्याची जात. तमाशा उभा केला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतल्या माणसांनी. म्हणून त्याला ‘लोककला’ म्हटले गेले आणि दरबारातल्या प्रयोगाला ‘रंगभूमी’.

हा शब्दांचा खेळ नाही. कशाला कला म्हणायचे, कशाला कसब म्हणायचे आणि कशाला नुसता नाद म्हणायचे, हे एकदा ठरले की शाळा कोणासाठी काढायची, परीक्षा कोणाची घ्यायची, पगार कोणाला द्यायचा आणि संशोधन कोणावर करायचे हेही ठरून जाते. संगीत आणि नाट्य यांच्या शिक्षणाचा इतिहास आपण आंबेडकरी तरुणांनी वाचला पाहिजे तो या नजरेने. या इतिहासात आपण ‘विषय’ म्हणून जागोजागी आहोत, ‘शिक्षक’ म्हणून फार थोड्या ठिकाणी.

जोतीरावांचे नाटक शाळेत संपते

‘सीतास्वयंवर’नंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात देवदेवता नाहीत, राजेरजवाडे नाहीत. कुणबी शेतकरी आहे, त्याची गरोदर बायको आहे, ग्रहदशेची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी आहे आणि मधूनमधून येऊन प्रेक्षकांचे डोळे उघडणारा विदूषक आहे. नाटकाच्या शेवटी ते नवराबायको जोतीरावांच्या रात्रशाळेत जायचे ठरवतात. म्हणजे आधुनिक मराठीतले हे आरंभीचे सामाजिक नाटक शिक्षणाबद्दल आहे आणि त्याचा शेवट शाळेच्या दारात होतो.

जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीतल्या भट सभासदांपुढे तिथल्या युरोपियनांचे काही चालले नाही आणि नाटक नाकारले गेले. ते छापील स्वरूपात वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. तब्बल सव्वाशे वर्षे! या सव्वाशे वर्षांत मराठी नाटकाचे इतिहास लिहिले गेले, संमेलने झाली, नाट्यशिक्षणाचे वर्ग निघाले, पदव्या वाटल्या गेल्या. ज्या नाटकाची संहिताच कपाटात पडून आहे, त्याचा तास कोण घेणार? अभ्यासक्रमाबाहेर ठेवायला दरवेळी बंदीच लागते असे नाही. छापायचे नाही, एवढे पुरते.

शाळा, वही आणि परीक्षेची शिडी

आता संगीताकडे वळू या. आपल्याकडे आधुनिक पद्धतीचे संगीतशिक्षण सुरू झाले त्याचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे बडोदे. १८८६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी तिथे गायनशाळा सुरू केली. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली, पाठ्यपुस्तके तयार केली. घराण्याच्या चार भिंतींतले गाणे वहीत आणि वर्गात आले. हेच सयाजीराव, ज्यांनी १९१३ साली तरुण भीमरावांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. शिक्षण हे जन्माने नव्हे तर दार उघडल्याने मिळते, हे या राजाला कळले होते.

पुढे ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. ते राजाच्या मेहेरबानीवर नाही, तर लोकांच्या देणग्या आणि विद्यार्थ्यांची फी यांवर चालवायचे अशी त्यांची जिद्द होती. वेळापत्रक, वर्ग, इयत्ता, परीक्षा ही सगळी शाळेची चौकट त्यांनी संगीताला दिली. १९३१ साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही पुढे गावोगावी पोचलेली शिडी याच परंपरेतली. दुसरीकडे विष्णु नारायण भातखंडे या वकिलाने देशभर फिरून उस्तादांकडून बंदिशी गोळा केल्या, त्यांचे स्वरलेखन करून छापल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९१६ साली बडोद्यात त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले.

या दोघांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. गुरूची मर्जी सांभाळत वर्षानुवर्षे हुक्का भरत बसण्यापेक्षा फी भरून वर्गात बसणे केव्हाही जास्त लोकशाहीचे. मध्यमवर्गातल्या मुलींना गाणे शिकता आले ते याच शाळांमुळे. पण प्रश्न असा की ही शिडी कोणत्या भिंतीला टेकवली होती?

इतिहासकार जानकी बाखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ या पुस्तकात याच दोघांच्या कामाची चिकित्सा केली आहे. राष्ट्रीय संगीत घडवण्याच्या या खटपटीत मुस्लिम उस्तादांकडे गाण्याची खाण म्हणून पाहिले गेले. त्यांच्याकडून बंदिशी घेतल्या, पण शास्त्र त्यांना कळत नाही, शिकवायचे कसे हे त्यांना माहीत नाही, असेही ठरवले गेले. माल त्यांचा, शास्त्र आमचे! ही वागणूक ओळखीची वाटते ना? ज्याला येते त्याच्याकडून घ्यायचे आणि ज्याला लिहिता येते त्याच्या नावावर जमा करायचे. उस्तादांच्या बाबतीत जे झाले तेच पुढे शाहिरांच्या आणि तमासगिरांच्या बाबतीत झाले. फरक एवढाच की उस्तादांना निदान मैफलीत मान होता.

वाद्यांची उतरंडही अशीच पाहा. तबला शाळेत आला, त्याला विशारद मिळाले. हलगी, संबळ, तुणतुणे, कडे यांना त्या शिडीत पायरी नव्हती. आणि तबल्याच्या पुडीसाठी कातडे कमावणारा, ते ताणून वादी आवळणारा माणूस तर शाळेच्या हिशेबातच नव्हता. हे फक्त महाराष्ट्रात घडले असेही नाही. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर, ज्यांत दलित ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. चेन्नईच्या कलाक्षेत्राने त्याच्या प्रकाशन समारंभासाठी दिलेली जागा ऐनवेळी नाकारली. मृदंग चालतो, तो बनवणाऱ्यावरचे पुस्तक चालत नाही. नाद पवित्र आणि कातडे विटाळाचे, ही फाळणी जातीने केली आणि संगीतशिक्षणाने ती तशीच पुढे चालवली.

जलसा ही शाळाच होती

हे सगळे चालू होते तेव्हा आपली माणसे काय करत होती? ती हातावर हात ठेवून बसली नव्हती. त्यांनी स्वतःची शाळा काढली. तिचे नाव जलसा.

१८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच्या प्रचारासाठी पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. भीमराव महामुनी हे त्यातले अग्रगण्य नाव. त्यांनी तमाशाचा आराखडा घेतला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी निर्मिकाचे किंवा जनांचे स्मरण आले. बतावणीत सोंगाड्या भटजीला प्रश्न विचारू लागला. वगात सावकारी, खर्चिक लग्ने, दारू, शिक्षण हे विषय आले.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आंबेडकरी जलसा जोमात आला. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्याचे मोठे शिल्पकार. मंदिरप्रवेश, महाडचा संगर, वतनदारी, मुलांना शाळेत घालणे हे विषय घेऊन जलसे गावोगाव फिरले. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, हे चळवळीत आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पण आपण हे वाक्य फक्त प्रचाराच्या अंगाने वाचतो. मी ते शिक्षणाच्या अंगाने वाचायला सांगतो आहे.

जलशात माणूस कसा घडायचा ते पाहा. पोरगा आधी मंजिरी किंवा तुणतुणे हातात घ्यायचा. मग मागे उभा राहून झील धरायचा. सूर कुठे उचलायचा, कुठे सोडायचा हे त्याच्या अंगात मुरायचे. मग छोटे सोंग मिळायचे. मग बतावणी. बतावणीत पाठांतर पुरत नाही. समोरचा काय बोलेल, गर्दीतून कोण काय ओरडेल, त्यावर तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. मग गाणे रचणे आणि शेवटी जलशाचा नायक होणे. आवाज, लय, अभिनय, उत्स्फूर्तता, संहितालेखन, प्रेक्षकांची जाण. आजच्या नाट्यप्रशिक्षणाच्या माहितीपत्रकात हेच विषय वेगवेगळ्या पेपरांच्या नावाने छापलेले असतात.

आणि ही शाळा कुठे भरायची? गिरणीतली पाळी संपल्यावर चाळीच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात, महारवाड्याच्या चावडीवर. शिकणारे कामगार होते, शेतमजूर होते. पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) मोठेपणी अक्षर शिकले आणि त्यांनी हजारो गीते रचली. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत दीड दिवस टिकले. नातलगाच्या तमाशात ते तयार झाले आणि १९४४ साली अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाला ‘लोकनाट्य’ हे नवे रूप देण्यात अण्णाभाऊंचा वाटा किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको. यांतल्या कोणाकडेही प्रमाणपत्र नव्हते. प्रमाणपत्र नसणे म्हणजे शिक्षण नसणे नव्हे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मग कला सोडायची की शिकायची?

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, “बाबासाहेबांनी आपल्याला नाचगाणे, वाजंत्री सोडायला सांगितले. आता पुन्हा हलगी हातात घ्या असे कशाला सांगता?”

आक्षेप खरा आहे. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये पोतराज, वाघ्ये, देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांची सभा झाली. तिथे बाबासाहेबांनी या स्त्रियांना तो धंदा सोडून इज्जतीचे जीवन जगायला सांगितले. पठ्ठे बापूरावांची गोष्टही सर्वांना माहीत आहे. जन्माने ब्राह्मण असलेला हा शाहीर पवळा या महार स्त्रीबरोबर फड गाजवायचा. त्याने चळवळीसाठी तमाशाच्या खेळाचे पैसे देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. आपल्या मायबहिणींना नाचवून मिळालेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका.

शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या २०२२ साली आलेल्या पुस्तकात तमाशातल्या दलित स्त्रियांचा हाच तिढा मांडला आहे. ज्या स्त्रीला जातीने ‘अश्लील’ ठरवले, तिच्या कलेवर महाराष्ट्राने आपली अस्मिता उभी केली, पण माणूस म्हणून तिचा मान परत दिला नाही. विठाबाई नारायणगावकर आठवा. प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा फडावर उभी राहिलेली ही बाई. तिची गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. पण त्या रात्री तिला सुट्टी का मिळाली नाही, हा प्रश्न कोणी विचारत नाही. २००२ साली ती गेली तेव्हा पुरस्कार होते, पैसा नव्हता.

म्हणून मी स्पष्ट सांगतो. बाबासाहेबांनी नाकारली ती कला नव्हे, जन्माने लादलेली कला. वाजवणे हे काम तू महार किंवा मांग आहेस म्हणून तुझ्यावर पडत असेल, सवर्णाच्या लग्नात, देवाच्या पालखीपुढे, मेलेल्याच्या तिरडीपुढे तुला वाजवावेच लागत असेल आणि मोबदला म्हणून उष्टे मिळत असेल, तर ते वेठ आहे. ती सोडलीच पाहिजे. पण तीच हलगी कोणत्याही जातीचा मुलगा-मुलगी फी भरून शिकत असेल, शिकवणाऱ्याला पगार मिळत असेल, वाजवायचे की नाही हे वाजवणारा ठरवत असेल, तर ती विद्या आहे. वेठ आणि विद्या यांच्यात वाद्य बदलत नाही, अट बदलते.

आणि ही अट प्रथम बदलली ती जलशाने. जलशात तेच सूर, तीच ढोलकी. पण गाणारा आता गावाच्या हुकमाने उभा राहिलेला नव्हता, स्वतःच्या मताने उभा होता. बिदागीसाठी मान झुकवत नव्हता, प्रश्न विचारत होता. त्या कलावंतांनी कला टाकली नाही, कलेची जातीशी घातलेली गाठ सोडवली. बाबासाहेबांनी तमाशाचा पैसा नाकारला आणि जलशाला जवळ केले, यात विसंगती नाही. एकच तत्त्व आहे.

नाटकाच्या बाबतीतही हेच दिसते. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी १९५५ साली ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि ते महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर सादर केले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयात विज्ञान आणि वाङ्मय यांच्याबरोबर रंगमंचही होता, ही गोष्ट आपण विसरतो. दलित रंगभूमीचा प्रवाह पुढे प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’पर्यंत आणि दत्ता भगतांच्या ‘वाटा पळवाटा’पर्यंत आला. त्याचे एक मूळ महाविद्यालयातल्या त्या रंगमंचात आहे.

विद्यापीठाने घेतले काय, दिले काय?

स्वातंत्र्यानंतर सरकारने आधी तमाशावर बंदी घातली. मग सुधारणेच्या अटी घालून ती उठवली. पण त्याच काळात दिल्लीत कलांसाठी मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले, १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले. पुण्यात १९८७ साली विद्यापीठाचे ललित कला केंद्र सुरू झाले. मुंबई विद्यापीठात या शतकाच्या आरंभी लोककला अकादमी आली.

याच दरम्यान शहरी रंगभूमीला लोककलेची गोडी लागली. १९६० आणि ७० च्या दशकांत तमाशा, दशावतार, खेळे यांची तंत्रे घेऊन मोठी नाटके झाली, गाजली. १९८४ पासून संगीत नाटक अकादमीने पारंपरिक शैलींचा वापर करणाऱ्या तरुण दिग्दर्शकांना अनुदान देण्याची योजनाच काढली. ‘मुळांची रंगभूमी’ असे या प्रवाहाचे कौतुक झाले. मुळे कोणाची आणि फळे कोणाच्या ताटात, हा हिशेब कोणी मांडला नाही. तमाशाची शैली रंगमंचावर आली, तमासगिराचा मुलगा मात्र त्या प्रमाणात ना दिग्दर्शकाच्या खुर्चीत दिसला, ना नाट्यशिक्षकाच्या.

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला इथे संशोधनाची पद्धतच तपासावीशी वाटते. लोककलेवर प्रबंध लिहिताना संशोधक गावात जातो, म्हाताऱ्या शाहिराला बोलते करतो, गाणी ध्वनिमुद्रित करतो आणि परत येतो. प्रबंधात शाहीर ‘माहितीदार’ असतो, संशोधक ‘अभ्यासक’. पीएच.डी. संशोधकाला, शाल-नारळ शाहिराला. गाणे कसे बांधले, लय का बदलली, सोंगाड्याने प्रश्न नेमका तिथे का घातला, याचे विश्लेषण शाहिराच्या डोक्यात आधीपासून असते. पण ते ‘ज्ञान’ तेव्हाच होते जेव्हा दुसरा कोणी ते लिहितो.

हे चित्र मोडणारी माणसे झाली आणि ती आपल्याला माहीत असली पाहिजेत. भीमराव कर्डकांनी स्वतःच ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिले. करणाराच इतिहासकार झाला. कृष्णा किरवले यांनी ‘आंबेडकरी शाहिरी : एक शोध’ लिहून या शाहिरीला विद्यापीठीय संशोधनात हक्काची जागा मिळवून दिली. रुस्तुम अचलखांब मराठवाड्यातल्या दलित घरातले. ‘गावकी’ हे आत्मकथन लिहिणारा हा माणूस तमाशाचा अभ्यासक झाला आणि औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवू लागला. १४ जानेवारी १९९४ रोजी ज्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, त्याच विद्यापीठात तमाशावर बोलणारा प्राध्यापक तमाशा आतून ओळखणारा होता. नामांतराचा अर्थ फक्त पाटी बदलणे नव्हे, तो हा.

नियमांची चाळणी

पण अशी नावे बोटांवर मोजावी लागतात. का? गुणवत्ता कमी म्हणून? नाही. चाळणीच तशी आहे म्हणून.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संगीताचा सहायक प्राध्यापक होण्याचे दोन रस्ते आहेत. एक पदव्युत्तर पदवी आणि नेट. दुसरा पारंपरिक किंवा व्यावसायिक कलावंतासाठी. वाचताना बरे वाटते. पण दुसऱ्या रस्त्यावरच्या अटी वाचा. नामवंत परंपरागत कलावंताकडे शिक्षण झालेले असावे, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलावंत असावा, पदवी असावी. नाटकासाठी राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा तशाच मान्य संस्थेची प्रथम श्रेणीतली पदवी वा पदविका मागितली जाते. आता सांगा, रात्र रात्र भीमगीते गाणारा किती जणांना ‘नामवंत गुरू’ दाखवता येईल? दलित वस्तीतली कितीशी पोरे आकाशवाणीच्या ‘ए’ श्रेणीपर्यंत पोचली असतील? दार उघडे आहे, पण उंबरठा छातीएवढा!

२०२२ साली आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजना आणली. औपचारिक पदवी नसली तरी आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम केलेल्या नामांकित व्यक्तीला शिकवायला बोलवता येते, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. शाहिरांना ही संधी वाटू शकते. पण ही नेमणूक तात्पुरती आहे आणि मंजूर पदांच्या बाहेरची आहे. म्हणजे कायम नोकरीची सुरक्षा नाही. कलावंताला पाहुणा म्हणून बोलवायचे आणि घर दुसऱ्याच्या नावावर ठेवायचे, हे आपण फार पाहिले आहे.

खालच्या पायरीवरचे एक उदाहरण देतो. मी ज्या वस्तीत काम करतो तिथला एक मुलगा बाराव्या वर्षापासून जयंतीच्या मिरवणुकीत आणि गायन पार्टीत ढोलकी वाजवतो. त्याने एका कलाशिक्षण संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. मुलाखतीत विचारले, गुरू कोण? तो म्हणाला, मामा. पुढचा प्रश्न रागांचा आला आणि तो गप्प झाला. ढोलकी मात्र कोणी वाजवायला सांगितली नाही. अर्जावर शेरा पडला, ‘औपचारिक शिक्षण नाही’. नवलाची गोष्ट म्हणजे त्याच संस्थेच्या अभ्यासक्रमात लोकसंगीताचा पेपर आहे. त्याच्या मामाने जे शिकवले ते त्या पेपरात पानभर असेल. मामा आणि भाचा दोघेही वर्गाबाहेर.

हे एका संस्थेचे पाप नाही. मुलाखत घेणाऱ्यांच्या मनात कदाचित द्वेषही नसेल. पण ज्ञान म्हणजे काय याची व्याख्या ज्यांच्या घरातून आली आहे, त्यांच्याच मुलांना ती सोपी जाते. समाजशास्त्रज्ञ पियरे बोर्दिउ याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आपण त्याला सरळ जात म्हणू.

आपण काय करायचे?

टीका करून थांबणे ही आंबेडकरी पद्धत नव्हे. चार गोष्टी मला तातडीच्या वाटतात.

पहिली, आपल्या गावातल्या, वस्तीतल्या जुन्या जलसाकारांची, गायक-वादकांची नोंद आपणच करायची. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. फक्त गाणे मुद्रित करू नका. हे गाणे कसे बसवले, कोणाकडून शिकलात, बिदागी किती मिळायची, कोणी अडवले, हे विचारा. जुन्या गीतपुस्तिका पेटीतून बाहेर काढा, त्यांची छायाचित्रे घ्या. मुद्रणाची एक प्रत कलावंताच्या घरी राहिली पाहिजे आणि नावही त्याचेच राहिले पाहिजे.

दुसरी, जे विद्यार्थी नाट्यशास्त्र, संगीत, मराठी, समाजशास्त्र या विषयांत आहेत त्यांनी प्रबंधाचा विषय निवडताना आपल्या परंपरेकडे आतल्या नजरेने पाहावे. शाहिराला माहितीदार म्हणून तळटीपेत ढकलू नका. तो तुमचा मार्गदर्शक आहे, तसे लिहा.

तिसरी, विद्यापीठांकडे नेमक्या मागण्या न्यायच्या. ‘तृतीय रत्न’ आणि जलसा अभ्यासक्रमाच्या पहिल्या भागात हवेत, शेवटच्या ‘इतर प्रवाहां’त नकोत. लोककला विभागांतली पदे कायम स्वरूपाची आणि आरक्षणासह भरली पाहिजेत. प्रवेशपरीक्षेत उमेदवाराला येते ते वाद्य आधी वाजवू द्यावे, प्रश्न नंतर विचारावेत. आणि तमाशा शिकवताना जात शिकवलीच पाहिजे. लावणीची अदा शिकवायची आणि ती अदा कोणत्या बाईच्या मजबुरीतून आली हे लपवायचे, हे शिक्षण नव्हे.

चौथी, जलसा पुन्हा शाळा म्हणून उभा करायचा. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ च्या सुमारास महाराष्ट्रभर गाजले. संभाजी भगत यांची संकल्पना आणि शाहिरी, राजकुमार तांगडे या जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन आणि गावाकडचे नट. नाट्यविद्यालयाची वाट न पाहता तयार झालेल्या माणसांनी व्यावसायिक रंगमंच गाजवला. हे चमत्काराने झाले नाही, तालमीने झाले. आपल्या समाजमंदिरांत, बुद्धविहारांत आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम का होऊ नये? डीजेला मोजतो त्यातले थोडे पैसे ढोलकी शिकवणाऱ्याला मानधन म्हणून का देऊ नयेत? त्या वर्गात मुलीही असाव्यात, शेजारच्या कुठल्याही जातीची मुलेही असावीत. कला जन्माने येत नाही हे आधी आपल्या विहारात सिद्ध करू, मग विद्यापीठाला सांगू.

संगीत आणि नाटक ही फावल्या वेळची करमणूक आहे असे समजून आपण हे क्षेत्र इतरांसाठी सोडून देत आलो. नोकरी, राजकारण, कायदा यांच्यापुढे ढोलकीचे काय, असे वाटणे साहजिक आहे. पण ज्या समाजाचे गाणे दुसरा शिकवतो, त्या समाजाचा इतिहासही दुसराच लिहितो. जोतीरावांचे नाटक सव्वाशे वर्षे कपाटात राहिले. आपल्या आज्या-आजोबांची गाणी तितकी वर्षे थांबणार नाहीत. त्यांच्यातला एकेक जण दरवर्षी जातो आहे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण रोज म्हणतो. यातल्या पहिल्या शब्दात आता ‘शिकवा’ हाही शब्द मिळवू या. येत्या रविवारी वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या गायकाच्या घरी जा. वही घेऊन जा.

जय भीम!